डोंगर उतरेपर्यंत पाणी नाही

भिंगारहून निघताना मी पिशवी पुन्हा एकदा उघडून बघितली. पाण्याच्या बाटल्या, लिंबू, मीठ-साखर, टोप्या, भाकरी-चटणी, आणि भर दिवसा जायचं असूनही टॉर्च. ह्यांची जिभेखाली ठेवायची गोळी तर मी पिशवीत, माझ्या पर्समध्ये आणि ह्यांच्या खिशात, अशी सगळीकडे ठेवली होती.

"अगं, डोंगर चढायचाय की दवाखाना काढायचाय?" हे म्हणाले. मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. त्याआधी रविवार आला की हा माणूस कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असायचा. नंतर मात्र कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा "तू चल बरोबर" सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, बिनधास्त चाला. पण हे खुर्ची सोडायला तयार नाहीत. शेवटी बेत मीच आखला. पारनेर तालुक्यातला एक मध्यम डोंगर, ह्यांच्या पूर्वीच्या ओळखीचा. पुढून चढायचं, माथ्यावरून वळसा घेऊन पलीकडच्या देवळापाशी उतरायचं आणि ओढ्याच्या कडेने परत गावात यायचं. डॉक्टरांना विचारलं, मोबाईलवर नकाशे बघितले, ऊन कधी तापतं तेही विचारून घेतलं.

एक गोष्ट तेवढी बेतात नव्हती. पहाटे देवापुढे दिवा लावताना मी बोलून गेले, "हे सुखरूप डोंगर उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही." बोलल्यावर आठवलं, फेब्रुवारी संपत आलाय. पण देवाला दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? ह्यांना यातलं काही सांगितलं नाही.

राळेगणसिद्धीच्या अलीकडे एका फाट्यावर एसटीतून उतरलो. डोंगराच्या पायथ्याशी एक बाई कांद्याला पाणी भरत होत्या. वर जायची वाट विचारली, तर त्यांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं.

"वर काय काम हाय?"

"काम काही नाही. हिंडायला आलोय."

"वाट हुती पयली. गुरं-शेरडं जायची तवा रुळल्याली हुती. मंग गावानंच चराईबंदी केली, डोंगरावर जनावरं चारायची न्हाईत म्हनून, अन् वाट गवतात गेली. जावा, पर ऊन व्हायच्या आत उतरा."

मी म्हटलं, परत जाऊ या. हे मात्र चालायला लागले होते.

चढ तांबड्या मुरुमाचा, पाय घसरवणारा. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांतून टोचत होती. खाली कांद्याचे हिरवे तुकडे, मधूनच चकाकणारं शेततळं, समोरच्या पठारावर पवनचक्क्या. माझं लक्ष कशातच नव्हतं. मी ह्यांचा श्वास ऐकत होते.

"बसा जरा. पाणी प्या."

"आणि तू?"

"मी आत्ताच प्यायले." खोटं बोलणं मला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

ह्यांनी एका दगडावर बसून मोज्यांतली कुसळं काढली, त्यांची छोटी ढिगुली केली. त्या दगडापासूनच छान सपाट वाट लागली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. वाट डोंगराला धरून वळत होती, ना चढ ना उतार. चालता चालता ऊन डोक्यावर आलं, तरी पलीकडचं देऊळ काही दिसेना. आणि मग तो दगड पुन्हा समोर आला. कुसळांची ढिगुली तशीच होती.

हे खालीच बसले. "अगं, ही वाट नाहीच. हा समतल चर आहे, पाणी अडवायला डोंगराभोवती एका पातळीत खणतात तो. हा खाली कसा उतरेल? पाणी खाली जाऊ नये म्हणूनच तर खणलाय."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटऱ्यांत गोळे आले आणि मी तिथेच मटकन बसले. ह्यांनी बाटली पुढे केली, मी मान हलवली. मग सांगावंच लागलं.

"वेडी आहेस का तू?" हे रागाने लाल झाले. मला आधी त्यांच्या हृदयाचीच भीती वाटली. "पी मुकाट्याने."

"शब्द दिलाय."

ह्यांनी खाली शेताकडे बघितलं. "शब्द काय दिलास नेमका? आपण उतरेपर्यंत, की मी उतरेपर्यंत?"

"तुम्ही."

"मग बस इथे."

बाटली माझ्या मांडीवर ठेवून हे निघालेसुद्धा. एकटे, त्या कांद्याच्या शेताच्या रोखाने, सरळ उतारावरून. मी हाका मारल्या, पण हे वळलेच नाहीत. दगड घरंगळल्याचं ऐकू आलं. मग हे घाणेरीच्या झुडपांआड गेले आणि दिसेनासे झाले. एवढी भीती मला ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती. देवाला काही बोलावं, तर द्यायलाही आता काही उरलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली शेताच्या बांधावर एक पांढरी टोपी वर झाली आणि हलत राहिली. मी बाटली तोंडाला लावली. रडू आणि पाणी एकदमच घशाखाली गेलं.

टोपी पुन्हा डोक्यावर चढली, आणि हे परत डोंगर चढायला लागले. हे तर नवसात नव्हतं.

माझा हात धरून त्यांनी मला बसत-उठत खाली आणलं. त्या बाईंनी हुलग्याची गरम शेंगोळी वाढली. "आमच्या मालकाला धाडते म्हनलं, तर न्हाई म्हनले. बायको वर बसलीय, मीच आनतो म्हनले. धाप लागली हुती, पर थांबना गडी." हे खाली मान घालून जेवत होते. मी त्यांना आणखी एक भाकरी घ्यायला लावली.

वळसा पुरा झाला नाही, पलीकडचं देऊळ बघायचं राहिलंच. बेत म्हणाल तर पार फसला. परतीच्या एसटीत हे खिडकीला डोकं टेकून झोपले आणि मी भिंगारपर्यंत त्यांच्या छातीचं वरखाली होणं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. मी धावत बाहेर आले. हे दुधाची किटली घेऊन निघाले होते. "येतो गं," म्हणाले, आणि एकटेच गेले. मी देवघराकडे वळले. शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळले, आणि आधी भांडंभर पाणी प्यायले.