बूट चावतो, ताई

हे माझ्या तोंडून अजून कुणापुढे निघालेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, जिच्यापाशी मनातलं सगळं ओकते त्या कॉलेजातल्या मैत्रिणीपुढेही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि ओळखत असलात तरी माझं काय बिघडणार आहे? फक्त एक अट. मधेच "तुमचा तरी काय दोष" असं म्हणायचं नाही. ते वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की मला त्याचा वीट आलाय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते नाशिकला, आणि इगतपुरीकडच्या शाळांमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांना थेरपी देते. एकेका शाळेला एकेक वार. त्या वारी वर्गातली बाकं भिंतीला सरकवायची, सतरंजी अंथरायची, मुलांच्या आयांना बोलावून घ्यायचं आणि पाय कसे ताणायचे, मूल कसं बसवायचं, कसं उभं करायचं ते त्यांच्याकडून करून घ्यायचं. मी आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस आईच थेरपिस्ट—हे माझं आवडतं वाक्य. आईने कंटाळा केला की मूल कायमचं बसलं, असंही वर ठणकावायचे. अजूनही ठणकावते. पद्धत चुकीची नाहीच मुळी.

मला सगळे भांडखोर म्हणतात. आहेच मी. शाळेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही, मी भांडले. थेरपीला खोली देत नव्हते, भांडले. धो धो पावसात घाटमाथ्यावर स्कूटर काढते म्हणून लोक मला सेवाभावी म्हणतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. अहो, पगार घेते मी! आणि सेवाभावी बाईने जे केलं नसतं ते मी केलंय. येतेच त्यावर. जरा दमाने घ्या—मलाही घेऊ द्या.

पूनम तेव्हा दुसरीत होती. सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, त्यामुळे पाय कडक, टाचा अधांतरी, चालणं चवड्यांवर. पण चालायची हो! भिंतीला हात लावून वर्गाच्या दारापासून व्हरांड्याच्या टोकाच्या नळापर्यंत जायची, नळ सोडायची आणि मागे वळून बघायची, कुणी पाहिलं की नाही म्हणून. तिची आई यमुनाबाई, लोकांच्या भातशेतीत मजुरीला जाणारी. माझ्याच वयाची, पण मला ताई म्हणायची. मी बोललेला शब्द खाली पडू द्यायची नाही.

टाच खाली टेकावी म्हणून पूनमला प्लास्टिकचे स्प्लिंट हवे होते. गावात त्याला सरळ बूट म्हणतात. माप शिबिरात घेतलं, मी स्वतः घेतलं. आणि बूट आले ते वर्ष उलटता उलटता, शाळा नुकती उघडली होती तेव्हा. मुलं काय तोवर वाढायची थांबतात? वाटपाच्या दिवशी मांडवात मी पूनमला बूट चढवला, तर तिची बोटं कडेच्या बाहेर. टाच मागे नीट बसेना. मी ते पाहिलं. हेच ते, बरं का. मी पाहिलं, आणि पट्टा ओढला.

का ओढला? समोर पाहुणे होते, हारतुरे होते, फोटो काढणारा "मॅडम, इकडे" म्हणत होता. शिवाय ते बूट मी भांडून आणवले होते. परत पाठवायचे म्हणजे पुन्हा पहिला पाढा. आणि कुणीतरी नक्की विचारलं असतं की मॅडम, माप तुम्हीच घेतलं होतं ना? पुन्हा घ्यायला हवं होतं, हे तुमच्या लक्षात नाही आलं? ते मला ऐकून घ्यायचं नव्हतं. बस्स. याच्याहून मोठं कारण शोधू नका, सापडणार नाही.

पुढच्या खेपेला यमुनाबाई म्हणाली, "ताई, बूट चावतो तिला. लय रडती. घरी काढून ठेवते मी."

सगळ्या आया ऐकत होत्या. मी म्हणाले, नवी चप्पल चावत नाही का? सवय होते. असे लाड केलेत तर पोरगी जन्मभर जागेवर बसेल. हे सगळं हसत म्हणाले मी. बाकीच्या आयाही हसल्या. यमुनाबाईने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून बूट काढला नाही. पूनम रडली की तिच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची आणि पट्टा आणखी आवळायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं. कौतुक होईल अशा अपेक्षेने.

मग आवणी सुरू झाली. रोपं लावायला गावच्या गाव शेतात. पूनमला बांधावर बसवून यमुनाबाई चिखलात. शाळा ओस पडलेली, म्हणून मीही त्या शाळेचे वार चुकवले. परत गेले तेव्हा बुटाच्या आत पूनमच्या टाचेला मोजा चिकटला होता. तो सोडवताना ती ज्या आवाजात ओरडली तो आवाज मी तुम्हाला सांगू शकत नाही.

नाशिकला दवाखाना, ड्रेसिंग, पुन्हा ड्रेसिंग. जखम चिघळली, भरायला कितीतरी महिने लागले. तोवर पाय टेकवायचा नाही, ताणायचा नाही. गुडघे दुमडलेले राहिले ते तसेच आखडले. टाच बरी झाली, पण पूनम पुन्हा उभी राहिली नाही. तिची व्हीलचेअर मीच भांडून आणली. हसू येतंय? हसा.

आणि शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं की हे झालं कसं, तेव्हा मी काय म्हणाले असेन? ओला मोजा, म्हणाले. चिखल. पालकांचं दुर्लक्ष. चोर तो चोर, वर शिरजोर! यमुनाबाई तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं, ताई."

इथे थांबले असते तर कदाचित तुम्ही मला अजून माणसात धरलं असतं. मी थांबले नाही. दर वर्षी नव्या पालकांची बैठक होते, तिथे मी यमुनाबाईला बोलायला उभं करू लागले. ती रडत रडत सांगायची, "मी ताईंचं ऐकलं नाय, नीट काळजी घेतली नाय, म्हणून माझी पोरगी बसली. बायांनो, तुम्ही तरी ऐका." बाया ऐकायच्या. व्यायाम मन लावून करायच्या. दुसरी आई बोलली असती तर एवढा परिणाम झाला नसता, हे मला ठाऊक होतं. मी तिच्या रडण्याला टाळ्या वाजवल्यात.

या वर्षीच्या बैठकीची गोष्ट. पूनम आता सातवीत आहे, गणितात तरबेज, जिभेला हाड नाही. ती बाहेर व्हरांड्यात खुर्चीत बसली होती. आत एक नवी आई, कडेवर मुलगा, म्हणाली की याला बूट चावतो. मी काही बोलायच्या आत यमुनाबाईच म्हणाली, "चावू दे गं. ताई सांगते तसं कर."

मी त्या मुलाचा बूट काढला. टाचेवर लाल वळ होता. म्हणाले, हा घालू नका, मी बदलून आणते. एरवी रोज करते तसं. गेली कित्येक वर्षं मी एकही चावणारा बूट कुणाच्या पायात राहू दिलेला नाही, फक्त हे कधी यमुनाबाईसमोर घडलं नव्हतं.

तिने विचारलं, "चावला तर काढायचा असतो, ताई?"

"हो."

"लगेच?"

"लगेच," मी म्हणाले. पुढचं बोलले नाही. बोलायला हवं होतं, तोंड होतं, सगळे समोर होते. नाही बोलले.

मुख्याध्यापकांनी भाषणासाठी यमुनाबाईचं नाव पुकारलं. ती उठली ती सरळ बाहेर गेली.

नोकरी मी सोडणार नाही. सोडून कुणाचं भलं होणार आहे? मुलांचे पाय ताणायला मला येतं आणि ते मी करणार. माझ्यावर चिडायचं तर चिडा. माफी मी मागत नाही, कारण ती देऊन तुम्ही मोकळे व्हाल आणि घेऊन मी.

पुढच्या वारी यमुनाबाई आली. सतरंजीवर तिने पूनमला खुर्चीतून उतरवलं. मी नेहमीसारखा पायाला हात लावायला वाकले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"राहू द्या. मी करते," म्हणाली. ताई म्हणाली नाही.