गिऱ्हाइकं परतवणाऱ्या आत्या

"घर चांगलं हाय, पन..."

एवढं म्हणून आत्या थांबायच्या. पदराचं टोक तोंडाशी धरायच्या, एकदा त्या घराकडे वळून बघायच्या, जणू त्याला ऐकू गेलं तर वाईट वाटेल, आणि मग आवाज खाली आणून पुढचं सांगायच्या. त्या थांबण्यातच ऐकणाऱ्याचं अर्धं मन मोडायचं. पुढे त्या काय सांगतात याला फारसा अर्थच उरायचा नाही.

जुनं घर बघायला तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, घर बघताना शेजार आपोआप बघितला जातो. आमच्या बाबतीत उलटं झालं. शेजारच आम्हाला बघत होता.

कर्जत आणि भिवपुरीच्या मधे बैठ्या घरांची एक आळी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत रेल्वेतल्या लोकांनी बांधलेली. वर कौलं, पुढे पडवी, आत शहाबादी फरशी, मागे मोरी आणि मोरीच्या दाराशी चिकू. त्यातलं एक विकायला निघालं होतं. एजंटने कुलूप उघडून दिलं, "बघून घ्या, आलोच" म्हणाला आणि दुसऱ्या कुणाला तरी प्लॉट दाखवायला शेलूला निघून गेला.

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली. निवृत्ती तोंडावर आली होती. जुनं घर कसं तपासावं याचे व्हिडिओ बघून तो पूर्ण तयारीने आला होता. बॅटरी, गवंड्याची पाणसळ आणि एक काचेची गोटी. भिंतींवर टकटक करून झाल्यावर त्याने फरशीचा उतार बघायला पडवीत गोटी ठेवली. ती निघाली. माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून मोरीत, मोरीच्या दारातून पायरीवर टण्ण करून खाली आणि मेंदीच्या कुंपणाखालून पलीकडे.

"भाऊ, तुमची गोटी आली हो आमच्याकडं!" कुंपणापलीकडून आवाज आला.

सत्तरीच्या आसपासच्या, काळ्या-सावळ्या, काटक बाई. दोन बोटांत गोटी धरून उभ्या होत्या. सगळी आळी त्यांना आत्या म्हणते हे पुढे कळलं. आम्ही मात्र पहिल्या पाच मिनिटांतच म्हणायला लागलो होतो.

"मुंबईचे का?"

"डोंबिवलीचे."

"म्हंजे मुंबईच." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घर चांगलं हाय, पन..." पदर, घराकडे नजर, खालचा आवाज. "मोरीत जनावर येतं. ह्ये एवढं."

दोन्ही हात त्यांनी जितके फाकवता येतील तितके फाकवले. माझा नवरा हळूच चिकूपासून दोन पावलं मागे सरला.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाण्याची चौकशी केली. परसात विहीर होती. खरं म्हणजे अर्धी होती. मेंदीचं कुंपण संपून पुढे दोन्ही घरांच्या मधली भिंत थेट विहिरीवरून गेलेली. अर्धं तोंड आमच्याकडे, अर्धं आत्यांकडे, पाणी खाली एकच.

"पानी ग्वाड हाय, पन..." आत्या म्हणाल्या, "होळी झाली की आटतं."

नवऱ्याने विहिरीत वाकून पाहिलं. "मग तुमचंही आटत असेल."

"नाय बा. आमच्या बाजूला असतं."

"आत्या, विहीर एकच आहे."

"हाय ना एकच. पन झरा आमच्या अंगाला हाय," त्या शांतपणे म्हणाल्या आणि घागर भरून निघून गेल्या. घरी जाताना गाडीत नवरा विहिरीचाच हिशेब करत होता. बदलापूर गेल्यावर म्हणाला, "तत्त्वतः हे शक्य नाही." त्याचा आवाज मात्र तितका खात्रीचा नव्हता.

तिसऱ्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा दाराशी मोठी पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यात एक कुटुंब घाईघाईने बसत होतं. त्यातली बाई काच खाली करून मला म्हणाली, "तुम्हीही हेच बघताय? अहो, मालकाने आत फास लावून घेतलाय. त्या शेजारच्या आजींनी सांगितलं म्हणून बरं." गाडी धूळ उडवत गेली. कुंपणापलीकडे आत्या मन लावून वाल निवडत बसल्या होत्या.

सापापर्यंत ठीक होतं. पण ज्या घरात झोपायचं त्यात असं काही झालं असेल तर मला ते नको होतं. आम्ही तिथूनच एजंटला फोन करून मालकाच्या मुलाचा पत्ता घेतला आणि कल्याणला त्याच्याकडे गेलो. दार एका उंच म्हाताऱ्याने उघडलं. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. आम्ही घराचं नाव काढताच तोच म्हणाला, "मीच मालक."

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, तुम्ही..."

"गेलो? कशाने?"

"गळफास."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. "बरं आहे. गेल्या महिन्यात एकांच्या लेखी मी विहिरीत पडून गेलो होतो."

मग त्याने सांगितलं. त्याची बायको वर्षभर अंथरुणावर होती. दोन्ही वेळचं जेवण आत्यांकडून यायचं. वेणीफणीही आत्याच करायच्या. बायको गेली, मुलाने त्याला इकडे आणलं. "निघालो त्या दिवशी सगळी आळी निरोपाला आली, ती आली नाही. दार लावून आत बसली. मी फोन केला, म्हटलं, अगं, मला घर विकू दे. तर म्हणते, विका की, मी काय धरून ठेवलंय?"

पुढच्या रविवारी आम्ही घराऐवजी सरळ आत्यांच्याच पडवीत गेलो.

"आत्या, मालक जिवंत आहेत."

"मंग बरंच हाय की," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "चांगला मानूस हाय."

"विहिरीत पडलेले नाहीत. फास घेतलेला नाही. खोटं कशाला सांगता?"

सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "ये गं बाय, तुला खरं दावते."

त्यांनी आम्हाला त्यांच्या घराच्या पलीकडच्या अंगाला नेलं. तिथलं बैठं घर पाडून कुणीतरी दुमजली बंगला उठवला होता. उंच भिंत, वर काचा. भिंतीला फाटक होतं, त्याच्या फटीतून निळ्या लाद्यांचा पोहण्याचा तलाव दिसत होता. आत एक तपकिरी कुत्रा निजला होता.

"ह्ये विकलं तवा मी काय बोलले नाय. म्हटलं, येतील मानसं. शनवारी येतात. डीजे लावतात, माझी मांडनीवरची भांडी नाचतात. रविवारी जातात. मंग पाच दिस ह्यो कुत्रा." कुत्र्याने एक डोळा उघडला. "मागं मी न्हानीत पडले. हाका मारून मारून घसा सुकला. दूधवाला आला तवा उचललं. तवर ओ कोनी दिली म्हाईत हाय? ह्यानं. भुंकून भुंकून."

माझा नवरा चप्पल बघत उभा राहिला.

"त्या घरात गार्डसायबाची बायको होती तवा मी नुसती खोकले तरी ती इचारायची, काय गं झालं. आता तिथं बी तलाव झाला तर मी काय करू?" मग त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "तुमी राहनार का? का शनवार-रविवार?"

खरं सांगायचं तर आमचं शनिवार-रविवारच ठरलं होतं. डोंबिवलीचा फ्लॅट होता, माणसं होती, डॉक्टर होता. निदान अजून तरी आम्ही त्यापलीकडे विचार केला नव्हता. मी म्हटलं, "आत्या, नक्की नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून 'पन' न लागलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"आलाच हाव तर जेवून जा," त्या चुलीकडे वळत म्हणाल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुका जवळा. माझा नवरा मान खाली घालून जेवत राहिला. मी मनात हिशेब मांडत होते, आमच्या मुलाला काय सांगायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा की ठेवायचा. तिसरी भाकरी संपवून नवऱ्याने हात धुतले आणि विचारलं, "आत्या, इथं ताजी मासळी कुठं मिळते हो? रोज?"

रोज! मी समजले. बॅटरी, पाणसळ, व्हिडिओ सगळं घेऊन माणूस घर तपासायला निघाला होता आणि शेवटी जवळ्यावर निकाल लागला. आत्यांनी त्याच्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला असावा असा मला आजही संशय आहे.

त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत घर नुसतं चांगलं होतं. साप नव्हता, झरा दोन्ही अंगांना होता. एकदा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर गणपतीचं मोठं कॅलेंडर लावलेलं दिसलं. "मोकळं घर, देव पायजे," आत्या म्हणाल्या. नवऱ्याने सगळ्या चौकटी बोटाने ठोकून पाहिल्या होत्या. तिथं त्याने हात जोडले आणि पुढे गेला.

राहायला गेलो त्याच महिन्यात वर्ष संपलं म्हणून त्याने ते कॅलेंडर काढलं, तेव्हा त्याचा अंगठा चौकटीत आत गेला. पूर्ण. वाळवीने लाकूड आतून खाऊन वर नुसता रंगाचा पापुद्रा ठेवला होता.

"आत्या!" तो ओरडला.

आत्या आल्या. अंगठ्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं. "ह्ये मला म्हाईत व्हतं."

"मग सांगितलं का नाही? साप सांगितला, फास सांगितला..."

"ह्ये सांगितलं असतं तर तुमी घेतलं नसतं."

सुतार त्याच संध्याकाळी आला. आत्यांनीच बोलावला होता, बहुधा आधीपासूनच सांगून ठेवला होता.

मग त्या मला घरोघर घेऊन गेल्या. प्रत्येक दारात माझा दंड धरून सांगायच्या, "ही बाय आली राह्यला. मी निवडून आनलीय." बाजारातून पारखून मेथीची जुडी आणावी तसं. मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर नंतर मी त्या वाक्याची वाट बघायला लागले.

सकाळी दात घासताना कुंपणापलीकडून हाक यायची, "हाय का गं?" मी तोंडात फेस घेऊन "हाय!" म्हणायचे. बस, एवढंच. एकदा मला ताप होता आणि आवाज फुटला नाही, तर दोन मिनिटांत त्या माझ्या उशाशी उभ्या. मेंदीच्या कुंपणातून कशा आल्या देव जाणे, केसांत पानं अडकली होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. पेणहून मुलगी आली, तिकडे मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हणाली. आत्या पोरीशी दोन दिवस भांडल्या, तिसऱ्या दिवशी तयार झाल्या. त्या सकाळीही त्यांनी धुणं धुतलं. गाडी दाराशी लागली तरी परसात दोरीवर कपडे वाळत टाकत होत्या. मुलगी वैतागली. "आये, आता कशाला ह्ये?"

"मी काय कायमची चाललेय का?" मग मला म्हणाल्या, "सांजच्याला काढ गं कपडे. दव पडतो आता."

पुढच्या सीटवर बसताना त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. गाडी नवी होती म्हणून. नवऱ्याने दार लावलं, त्यांनी काचेतून त्याला हात केला आणि गाडी वळली.

पंधरवड्याने पेणहून मुलीचा फोन आला, आत्या गेल्या. आम्ही गेलो, तिथलं सगळं केलं, परत आलो.

त्या पेणला निघाल्या त्या संध्याकाळी दोरीवर दोन लुगडी, एक चोळी आणि एक पंचा होता. दव पडायच्या आत मी ते काढले होते. लुगडी उन्हाने ताठ झाली होती. एकटीला नऊवारीची घडी घालता येईना, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली. दुसरं टोक धरून तो परसाच्या पार त्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि घडी घालत घालत आम्ही एकमेकांच्या जवळ येत गेलो.