गल्लीभर पाजणी

बायाक्काला कुणी पुढारी म्हटलं असतं, तर तिनं हातातली खळ त्याच्या अंगावर उडवली असती आणि मग पोट धरून हसली असती. शहापूरच्या विणकर गल्लीत ती पाजणीची बाई होती, एवढंच. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा पट्टा, मागावर चढवण्याआधी तो सकाळी रस्त्यात लांबलचक पसरतात, कळकाच्या फुलीसारख्या कैच्यांवर कमरेएवढ्या उंचीवर तोलतात, त्याला खळ पाजतात आणि कुंच्यानं केसांसारखा विंचरतात. ओलं सूत सैल पडलं की धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून ताण्याच्या टोकाला जो दोर असतो, तो जाणत्या हातात द्यायचा. गल्लीत तो हात बायाक्काचा. कुणाचीही पाजणी असो, पहाटे दारात हाक यायचीच, "बायाक्का, दोर धरायला ये गं!"

दोर धरून उभं राहिलं की तिची तंद्री लागे. फेब्रुवारीतलं धुकं, त्यात पांढऱ्या सुताचा पट्टा पार गल्लीच्या शेवटापर्यंत गेलेला, पलीकडच्या टोकाची माणसं नुसती सावल्यांसारखी हलताहेत. अशा वेळी तिला बसरा दिसायचा. तिचा नवरा यमनाप्पा पहिल्या लढाईत हमालांच्या पलटणीतून बसऱ्याला गेला आणि तिकडचाच झाला. बसरा कुठं आहे हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. तिनं तो आपल्या मनानंच रचला होता: एक रुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकही घर नाही, आणि मधोमध यमनाप्पा डोक्यावर पेटी घेऊन चाललाय. तो कधी वळून बघत नसे. चोवीस वर्षं तो तसाच चालत होता आणि त्याच्या डोक्यावरची पेटी काही उतरत नव्हती.

नवरा गेल्यावर ती माहेरी आली. काही वर्षांनी आईला उतारवयात मूल झालं आणि त्या बाळंतपणातच आई गेली. ते मूल बायाक्काच्या ओटीत आलं. तो तिचा भाऊ तम्मण्णा. भाऊ म्हणायचा आपला, वाढवला पोटच्या पोरासारखा. आता तो विशीचा झाला होता, माग चालवण्यात तरबेज होता, आणि त्याला आता पेटलेल्या दुसऱ्या लढाईला जायचं होतं.

का, ते त्याला नीट सांगताही यायचं नाही. संध्याकाळी बेळगावच्या लष्करी कॅम्पातला बँड वाजू लागला की वाऱ्याबरोबर त्याचे सूर शहापुरात येत. तम्मण्णा मागाचा धोटा हातात धरून तसाच बसून राही. भरतीवाले लॉरी चालवायला शिकवतात, असं त्यानं ऐकलं होतं.

"आक्का, मी दिसभर पाय हालवतो बघ मागाच्या खड्ड्यात," तो म्हणाला. "पाय चालत्यात, मी तितंच. मला एकदा लांब जाऊन बघायचं हाय."

"लांब गेलेला बघिटलाय मी एक," ती म्हणाली.

"मी येईन की परत."

"त्योबी असंच म्हनला हुता."

मग दोघं जेवले. रविवारी सकाळी भरतीची लॉरी बँड वाजवत गल्लीत येणार होती. बायाक्कानं शेवटचं विचारलं, "चोरून जाशील?" तम्मण्णाला राग आला. "चोरून कशाला? तुझ्या डोळ्यांदेखत जाईन," तो म्हणाला. त्या उत्तरानं तिची झोप उडाली, पण कुठंतरी बरंही वाटलं. समोरून जाणाऱ्या माणसाला निदान अडवता तरी येतं.

त्याच शनिवार-रविवारी मारुतीराव मास्तरांचं शिबिर होतं. मास्तर टिळकवाडीत राहायचे, शाळेत शिकवायचे आणि खादीच्या टोपीला इतकी कडक इस्त्री करायचे की बायका त्या टोपीलाच आधी नमस्कार करत. लढाईला माणूस द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, हे लोकांना समजावून सांगायचं आणि ते शांतपणे सरकारला ऐकवायचं, असा दोन दिवसांचा बेत होता. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि नाका ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव. पलीकडं तोंड उघडलं की पोलीस धरत. अलीकडं निदान तोंड उघडून पुरतं मिटेपर्यंत सवड मिळे. म्हणून मास्तरांनी शिबिराला शहापूरचं देऊळ निवडलं. पण देवळात माणसं कोण आणणार? बायाक्का दारोदार गेली. चटया तिनं मागून आणल्या, पाण्याचे घडे भरून ठेवले, शेजारच्या चंपाबाईला भाकरीचं काम लावून दिलं. तिला सरकारशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एक तम्मण्णा घरात राहायला हवा होता, आणि त्यासाठी ती सगळ्या जगातली लढाई बंद करायला तयार होती.

शनिवारी दुपारी देऊळ भरलं. मास्तर छान बोलले. रस्त्यावर बसायचं कसं, पोलिसांनी ओढलं तर अंग सैल कसं सोडायचं, हे त्यांनी करून दाखवलं. मग सराव झाला. चंपाबाई पोलीस झाली आणि तिनं बाळाबाईला असं काही खेचलं की बाळाबाईनं अंग सैल सोडण्याऐवजी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तर म्हणाले, "शिवी द्यायची नाही." बाळाबाई म्हणाली, "मग तोंडाचं काय करायचं वो?" देऊळभर हशा पिकला. बायाक्काही हसली. तम्मण्णा खांबाला टेकून उभा होता. तोही हसला, आणि भाकऱ्या वाढायला त्यानंच हात लावला. त्याला तसं हसताना बघून तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"उद्या लॉरीपुढं बसायला कोण कोण येणार?" मास्तरांनी विचारलं. लॉरी म्हणजे काही चंपाबाई नव्हे. बायका पदराशी चाळा करू लागल्या. पुरुषांना एकाएकी देवळाचं छत बघण्याजोगं वाटू लागलं.

तेव्हा बायाक्का म्हणाली, "उद्या समद्यांनी पाजणी काढायची."

"म्हणजे?"

"म्हंजे घरटी एक ताणा. गल्लीच्या तोंडापासनं शेवटापतुर. येरवी मानसाला चालायला कडेनं वाट ठेवतो, उद्या ठेवायची न्हाय. लॉरी येईल कुटनं?"

मागच्यांनी ते आपसात कानडीत सांगितलं आणि सगळं देऊळ उजळल्यासारखं झालं. हे प्रत्येकाला येत होतं. यात बसायला नको, ओरडायला नको, मार खायला नको. पसरलेला ताणा कुणी ओलांडत नाही, हे तर त्या गल्लीतलं कुत्रंही जाणून होतं. मास्तर मात्र विचारात पडले. हा सत्याग्रह की चलाखी, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी, सत्याग्रहाची आगाऊ सूचना द्यायची असते म्हणून ते स्वतः संस्थानच्या कचेरीत गेले आणि उद्या सकाळी विणकर लोक आपल्या गल्लीत पाजणी करणार आहेत, असं सांगून आले. कारकुनानं त्यांच्याकडं असं बघितलं म्हणे, जणू मास्तरांना उन्हात डोक्याला काही झालं असावं.

गल्ली आंधळी होती. एका टोकाला देवळाची भिंत, जायला-यायला तोंड एकच. बायाक्कानं आपला ताणा त्या तोंडाशी मागून घेतला. दोर तिच्या हातात, पाठीशी मोठा रस्ता. लॉरी आली तर पहिली तिच्याशी गाठ. आणि तम्मण्णा घरातून निघाला तर शेवटची तिच्याशी. विणकराचा पोर ताण्याला पाय लावणार नाही, याची तिला स्वतःच्या श्वासाइतकी खात्री होती.

रविवारची सकाळ ज्यांनी पाहिली ते पुढं म्हातारपणी तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. धुकं खाली उतरलेलं, आणि त्या धुक्याखाली सगळी गल्ली सुतानं भरून गेलेली. पांढरं, हळदीचं, मधेच एखादं अंजिरी. एका घराचा ताणा संपला की दुसऱ्याचा सुरू. खळीचा आंबूस वास, कुंच्यांची सरसर, आणि कुणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. गल्ली जमिनीवरून थोडी वर उचलली गेलीय आणि आता तरंगत कुठंतरी जाणार आहे, असं वाटत होतं. बायाक्का दोर धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बसऱ्याची गल्ली दिसली नाही. दोन्ही बाजूंना घरं होती, दारं होती, माणसं होती. ती सुखावली.

लॉरी आली. बँड वाजत होता, तो आधी मोठा झाला आणि मग एकेक वाद्य करत थांबला. मागं आसपासच्या गावांतली पोरं बसली होती. पुढून एक पिकल्या मिशांचा सुभेदार उतरला. त्यानं गल्लीकडं बघितलं, धुक्यात हरवलेल्या सुताकडं बघितलं आणि नकळत आवाज खाली आणला.

"कवा आवरंल, बाई?"

"सूत वाळंल तवा," बायाक्का म्हणाली.

"लई वेळ?"

"धुकं हाय."

सुभेदारानं मान हलवली. दटावण्याजोगं त्याला काही सापडेना. थोडं थांबून बघू म्हणाला आणि त्यानं विडी काढली. बाजूला उभ्या मास्तरांचा चेहरा उजळला होता. आता हा विडी संपवील, कंटाळेल आणि लॉरी वळवील, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा तम्मण्णा दारातून बाहेर आला. धुतलेला सदरा, काखेत गाठोडं. त्यानं गल्लीभर नजर फिरवली. अगदी टोकाला त्याला बहीण दिसली असणार. तो थोडा वेळ उभा राहिला. बायाक्का मनात म्हणाली, हां, आता वळ माघारी, माझ्या राजा.

तो वाकला आणि ताण्याखाली शिरला.

पाठ सपाट, गुडघे मोडलेले, गाठोडं पोटाशी, मान छातीत. पोरवयात गल्लीतली सगळी मुलं पाजणीच्या वेळी अशीच सुताखालून पळत. तम्मण्णा आता उंचापुरा होता, तरी त्याच्या पाठीला सूत लागत नव्हतं. तो हळूहळू त्या पांढऱ्या छपराखालून पुढं येत होता, आणि खळीचे थेंब त्याच्या सदऱ्यावर टपटपत होते.

आणि मग ते घडलं. गल्लीतल्या मनुबाईच्या ताण्याखाली तो आला तशी मनुबाईनं कुंचा ठेवला आणि दोन्ही हातांनी कैची जरा वर उचलली. "मान खाली, तम्मण्णा," ती म्हणाली. पुढच्या घराच्या बाईनंही उचलली. मग बाळाबाईनं. "जपून रं! डावीकडं ये, तितं सूत वल्लं हाय." काल देवळात लॉरी अडवायचं ठरवलेल्या बाया, ताण्याखाली माणूस आला की जे करायचं ते जन्मभर करत आल्या होत्या, तेच करत होत्या. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चंपाबाईनं तर ताणा उचलून धरून त्याच्या पाठीवरचा खळीचा थेंब पदरानं पुसला.

बायाक्का बघत होती. ओरडावं असं तिला वाटलं. सोडा, पडू दे सूत त्याच्या अंगावर, गुंडाळा त्याला त्यात. पण तोवर तो तिच्याच ताण्याखाली आला होता. तिथं खळीच्या वजनानं मधे सूत झुकलं होतं. त्याचं डोकं त्या झोलापाशी आलं. आणखी एक पाऊल, आणि धागे तटातट तुटले असते, किंवा त्याला थांबावं लागलं असतं.

बायाक्काचे हात मागं गेले. तिनं दोर खेचला. ताणा अलगद वर उचलला गेला, आणि तिचा भाऊ त्याच्याखालून मोकळा बाहेर आला.

तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याच्या केसांत धुक्याचं पाणी होतं. "आक्का," तो म्हणाला. तिचे दोन्ही हात दोरात गुंतलेले होते. पाया पडायला तो वाकला, तर डोक्यावर ठेवायलाही हात मोकळा नव्हता. तिनं फक्त हनुवटी त्याच्या केसांवर टेकवली.

"जेवत जा येळंला," ती म्हणाली.

तो लॉरीत चढला. सुभेदारानं विडी विझवली आणि लॉरी मागं मागं घेत वळवली. बँड मात्र नाक्यापलीकडं जाईपर्यंत वाजला नाही.

मास्तर धावत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं. "बायाक्का, जिंकलो आपण! लॉरी आत आली नाही. एवढ्या गल्लीतून एकच गेला!" बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"एकच गेला, व्हय," बायाक्का म्हणाली.

तिनं दोर सोडला नाही. सूत ओलं होतं. ऊन आलं, धुकं विरलं, गल्लीतले ताणे एकेक करून वाळले आणि बायांनी ते गुंडाळून घरात नेले. शेवटी तिचाच उरला. तेव्हा तिनं दोर खुंटीला बांधला आणि नेहमीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताण्यावरून बोटं फिरवत गेली. तुटलेला धागा सापडला की तिथंच थांबून गाठ मारायची, ही पाजणीनंतरची रीत. ती हळूहळू गेली, परत आली, पुन्हा गेली. चंपाबाईनं दारातून विचारलं, "काय गं, किती तुटलं?"

"एकबी न्हाय," बायाक्का म्हणाली, आणि गल्लीच्या मधोमध, त्या सुंदर ताण्याशेजारी मातीत बसून तिनं हंबरडा फोडला.