दाराआडून सांगितलेली चूक

इंग्रज गेले त्याच्या आदल्या वर्षी, सुगी आटोपल्यावर, लोकल बोर्डाच्या निवडणुकीत आमचा लाल बावटा हरला. आमच्या मार्गासनी गावातसुद्धा मतं पडली नाहीत. माझे थोरले दीर पक्षाचे गावातले सेक्रेटरी. महिन्याभराने पुण्याहून कार्यकर्ता आला. म्हणाला, पक्ष पुन्हा उभा करायचा तर प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची, मग सेक्रेटरीची.

दुपारी आमच्या ओसरीवर आठ-दहा जण बसले. मी आत भाकरी करत होते. एक म्हणाला, मी सभेला उशिरा गेलो. दुसरा म्हणाला, मी वेल्ह्याला पत्रकं वाटली नाहीत. सेक्रेटरीचं नाव निघालं की सगळे जमिनीकडे बघत. माझा नवराही.

"म्हणजे सेक्रेटरीची चूकच नाही," पुण्याचा पाहुणा म्हणाला. "मग हरलात कशानं?"

"लोकच अडाणी," दीर म्हणाले.

चूक सगळ्यांना ठाऊक होती. सभेत आम्ही सांगायचो, कुळाकडून तिसराच हिस्सा घ्या. आणि सुगीत आमच्याच खळ्यावर दिरांनी आमच्या कुळाकडून निम्मं भात घेतलं. गावाने ते बघितलं, मग मत दिलं.

दिरांसमोर मी कधी बोलले नव्हते. काही सांगायचं ते जावेच्या तोंडून. तिला म्हटलं, "त्यास्नी सांगा, निम्मं भात घेतलं म्हणून हरलो."

"म्या न्हाई सांगायची. भात परत द्या म्हनले तर खाशील काय?"

मी दाराशी गेले आणि आडूनच ते मोठ्याने सांगितलं.

दीर हसले. "चार यत्ता शिकल्या, आता पक्ष चालवत्यात."

पायरीशी आमचं कूळ बसलं होतं. तो खाली बघूनच म्हणाला, "धाकल्या वैनी खोटं न्हाई बोलल्या."

मग दीर त्याच्याकडे बघून म्हणाले, "जादा भात घिऊन जा. आन् सेक्रेटरी ह्यालाच करा. घरात भाताच्या कणगीचा तळ दिसला की काय खायचं ते हिला इचारा."

पुढच्या बैठकीला वीस माणसं आली, बरीचशी कुळं. दीर आले नाहीत. चैत्रात कणगीतलं भात संपलं. जाऊ रोज सकाळी सगळ्यांदेखत मला विचारायची, "काय शिजवू?" मी नाचणी म्हणायचे. दीर ताटावर मुकाट बसायचे, आणि मला दाराआड उभं राहवत नसे की चुलीपाशी बसवत नसे.