बाबांच्या ताब्यातला टेम्पो

तो टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणी आणून उभा केला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सोमवारी मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा तो होता, एवढंच. नंबरप्लेट काढलेली, पुढचं एक चाक बसलेलं, दारं तारेने बांधलेली. आई म्हणाली, ज्याचा असेल तो नेईल की.

नेला कोणीच नाही. उलट आडोसा मिळाल्यावर आसपासच्या लूमच्या कारखान्यांचा कचरा तिथे येऊन पडायला लागला. तेलकट चिंध्या, सुताचे गुंते, फुटक्या बॉबिनी, पोतीच्या पोती कापसाची लव. आधी टेम्पोच्या मागे, मग खाली, मग सरळ हौद्यात. गल्ली एका माणसापुरती उरली. बाकीच्यांना ती गैरसोय होती, आमच्या घरात मात्र जिवाशी गाठ होती. आईला दमा होता. जोराचा दम लागला की तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे न्यावं लागे, आणि रिक्षा आता दाराशी येत नव्हती. जिला खाटेवरून मोरीपर्यंत जाताना धाप लागायची, तिला नाक्यापर्यंत चालवायचं होतं.

बाबा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आरडाओरडा, ओळखीपाळखी, चहापाणी यांतलं त्यांना काही जमत नसे. त्यांचा विश्वास फक्त अर्जावर. मजकूर ते सांगत, लिहीत मी असे, कारण अक्षर माझं बरं. एक प्रत नगरपालिकेला, दुसरीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का ओला असेतो फुंकर घालत ते खिडकीशीच उभे राहत. घरी आल्यावर तो आईला दाखवत. "छान उमटलाय," ती म्हणायची. शिक्का हळदीकुंकवाचा असता तरी एवढ्या कौतुकाने बघितला नसता.

कचऱ्याचं टेबल वेगळं, गाडीचं वेगळं. कचरावाला म्हणे, टेम्पो हलल्याशिवाय आमची गाडी आत येणार कशी? गाडीवाला म्हणे, कचऱ्याने भरलेला टेम्पो आम्ही ओढायचा कसा? दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, आणि दोघंही हे अगदी शांतपणे सांगत. मी शाळा सुटल्यावर जायची, कधी एका बाकावर बसायची, कधी दुसऱ्या. वर्ष गेलं त्यात. मला आता ते आठवलं तरी पाठ दुखते.

मग एका सकाळी खरोखरच एक साहेब आणि एक मुकादम आले. मुकादम जवळच्या दिघाशी गावचा, मोठ्या प्रेमाने बोलणारा. टेम्पोभोवती फेरी मारून त्यांनी आमच्या ओट्यावर बसून पंचनामा केला. मालक अज्ञात, वाहन बेवारस. शेवटी साहेबांनी आणखी एक कागद काढला. सुपूर्दनामा. आठवड्याभरात नगरपालिका गाडी उचलणार, तोवर ती कोणा जबाबदार गृहस्थाच्या ताब्यात द्यायची, आहे त्या जागी आणि आहे त्या स्थितीत. "तुमच्याहून जबाबदार मानूस हाय कोन हितं, काका?" मुकादम म्हणाला. "काय बी काळजी न्हाय."

बाबा खुलले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी जबाबदार म्हटलं नव्हतं. आधी त्यांनी कागदातल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या, मग सही केली. मी शेजारीच होते. मलाही वाटलं, चला, काम मार्गी लागलं. चहा केला मी सगळ्यांसाठी, आलं घालून.

आठवडा गेला, महिना गेला, पुढचं वर्षही गेलं. साहेबांची बदली झाली, मुकादम दिसेनासा झाला. बाबा मात्र रोज सकाळी छत्री घेऊन टेम्पोपाशी जात. आरसा आहे ना, बॅटरी आहे ना, चाकं किती. भंगारवाल्याने एकदा हात घातला तेव्हा हा सत्तरीचा माणूस त्याच्यावर छत्री उगारून धावला. लोक हसायचे. मीही हसले, नाही कशाला म्हणू?

समोरच्या कारखान्यातल्या कामगारांना आईची कणव यायची. त्यांच्यातला एक थोराड माणूस एका सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जणांना घेऊन दारात आला. "बाबूजी, दस मिनट का काम है. धक्का मारके मैदान में छोड देते हैं. माँजी को तकलीफ होती है."

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "सही केलीय मी. आहे त्या जागी, असं लिहिलंय."

आई आतून म्हणाली, "अहो, मीही तुमच्याच ताब्यात आहे. माझा पंचनामा झाला नाही म्हणून काय झालं?"

सगळे हसले, बाबासुद्धा. पण टेम्पो हलला नाही. मी काय केलं? आणखी एक स्मरणपत्र लिहिलं.

त्या थंडीत एका सकाळी आईचे ओठ निळे पडले. तेव्हा शिफ्ट बदलत होती. त्याच कामगारांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून उचललं. टेम्पोपाशी खुर्ची अडली. सरळ जाईना, तिरकी करावी तर आई घसरत होती. शेवटी खुर्ची तिथेच टाकून त्यांनी तिला हातांवर, कचऱ्यावरून पाय देत, पलीकडे नेलं. पायांखालून लव उडत होती. आई पदराने तोंड झाकायला बघत होती आणि हात वर येत नव्हता. बाबा मागे उभे होते, रिकाम्या खुर्चीला धरून.

तिसऱ्या दिवशी ती इस्पितळातच वारली.

तेरावं झाल्यावर बाबा स्वतः समोरच्या कारखान्यात गेले. काय बोलले माहीत नाही. मशीन थांबली, माणसं बाहेर आली आणि त्यांनी टेम्पो ढकलत मैदानात नेला. दहा मिनिटंही लागली नाहीत. दुपारी कोणाकडे तरी पाहुणे आले, त्यांची रिक्षा आमच्या दारावरून आत गेली. बाबांनी दार लावून घेतलं.

मग त्यांनी नगरपालिकेला कळवलं, या वेळी स्वतःच्या हाताने. माझ्या ताब्यातलं वाहन मी हलवलं आहे, नियमाप्रमाणे जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. वाट बघत राहिले. पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे. मैदानातला टेम्पो तुकड्यातुकड्याने नाहीसा झाला, तरी उत्तर आलं नाही.

अशीच तीनेक वर्षं गेल्यावर एकदा जेवताना ते म्हणाले, "मला कोणी काही विचारलंच नाही गं."

मला त्यांचा राग होता, अजूनही आहे. त्यांना काय विचारायचं ते मला पाठ होतं. ते हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

"जेवा, बाबा," मी म्हटलं.