उंट हरवला तेव्हा किसन गावात नव्हता

उर्दूच्या सराव पेपरातल्या उताऱ्यात एका व्यापाऱ्याचा उंट हरवला होता. खाली प्रश्न होता, ‘इस इबारत का खुलासा लिखिए.’ उमापूरच्या किसननं लिहिलं होतं, ‘जिस वक्त ऊंट गुम हुआ, फिदवी गाव में हाजिर नहीं था. फिदवी बेकसूर है.’ इबारत म्हणजे उतारा, फिदवी म्हणजे आपला नम्र सेवक. सरकारी अर्जात तेव्हा झाडून सगळे फिदवीच असायचे.

मी कपाळाला हात लावला आणि त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, वडील पोलीस पाटील, तहसिलातून त्यांच्याकडं सारखा खुलासा मागवतात, आणि तो लिहितो मीच. खुलासा म्हणजे आपला काही संबंध नाही हे कळवणं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. मराठीत त्याचं बरोबरच होतं. उर्दूत मात्र खुलासा म्हणजे सारांश.

हे निजामाच्या राज्यातलं सांगतोय. बीडच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो. हैदराबादेत नवं कॉलेज निघालं होतं आणि तिथं केमिस्ट्रीसुद्धा उर्दूत शिकवायचे. आदल्या साली आपली दोन पोरं गेली आणि दिवाळीच्या आत वळकटी घेऊन परत आली. आमचे हेडमास्तर लखनौकडचे. त्यांना ते फार लागलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, यंदा जाणारी पाच पोरं उन्हाळ्यात सहा आठवडे तयार करा. शेवटी हैदराबादचे प्रोफेसर येऊन तोंडी परीक्षा घेतील. पास त्याला सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट नसेल त्याला कॉलेज नाही.

बाकी चौघांचं कसंही भागलं असतं. किसनच्या वडिलांनी मात्र निकाल लावून ठेवला होता. पास झालास तर हैदराबाद, नाही तर पाटीलकीचं दप्तर सांभाळायचं आणि लग्न. मुलगीसुद्धा बघून ठेवलेली. पोरगं बिचारं मुलीला नव्हतं भीत, दप्तराला भीत होतं.

मी पहिलं टाइमटेबल केलं ते अगदी नमुनेदार होतं. सकाळी गझला, मग व्याकरण, मग पुन्हा गझला. हेडमास्तर खूश. वैशाखातल्या उकाड्यात पोरं बसल्याजागी पेंगायची आणि त्या गझला ऐकून मलाही झोप यायची. उंटाचा पेपर वाचला आणि मी ते टाइमटेबल फाडून टाकलं. माझं निदानच चुकलं होतं. पोरांना उर्दू येत नाही अशातला भाग नव्हता, आपल्याला ती येतेच असं त्यांना वाटत होतं. आपल्या बोलण्यात निम्मे शब्द तिकडचेच, पण इथं राहून त्यांनी अर्थ बदललेला.

मग नवीन पद्धत काढली. पोरांनी घरातून, बाजारातून, कचेरीतून असले शब्द गोळा करून आणायचे. आमचे फारसीचे मौलवीसाहेब त्यांचा उर्दूतला अर्थ सांगायचे. आपण शिकस्त करतो म्हणजे जिवापाड प्रयत्न करतो, त्यांच्याकडं शिकस्त म्हणजे हार. आपण उन्हानं हैराण होतो, ते नुसते चकित होतात. भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दगाबाज शब्द’, आणि खाली यादी वाढत गेली. हेडमास्तरांनी एकदा डोकावून हा काय बाजार मांडलाय म्हणून विचारलं. मी म्हणालो, बाजारच आहे साहेब, माल तपासून घेतोय.

परीक्षेच्या दिवशी आत प्रोफेसर आणि हेडमास्तर, मला बसायला मनाई होती. मी दाराबाहेर स्टुलावर बसलो आणि कान आत ठेवला. चौघं पास झाले. किसन शेवटचा. प्रोफेसरांनी त्याला उतारा वाचायला देऊन खुलासा विचारला. पठ्ठ्यानं चार वाक्यांत सांगून टाकला. मी मनातल्या मनात पेढे वाटायला लागलो.

प्रोफेसर खुशीत म्हणाले, “शाबाश! तुम्हारे उस्ताद बड़े फाजिल आदमी हैं.”

उर्दूत फाजिल म्हणजे विद्वान. आपल्याकडं फाजील म्हणजे आगाऊ. आणि हा शब्द आमच्या भिंतीवर नव्हता.

लगेच आतून किसनचा आवाज आला, तोही चढलेला. “साहेब, हमकू कुछ भी बोलो. हमारे मास्तरकू फाजील नक्को बोलो.”

“क्यों? फाजिल नहीं हैं?”

“बिलकुल नहीं. सीधे आदमी हैं. किसीके बीच में नहीं पड़ते.”

मी दार ढकलून थेट मध्ये जाऊन पडलो. हेडमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि प्रोफेसरांची लेखणी किसनच्या कागदावर थांबली होती. कुठल्या बाजूला फिरेल याचा नेम नव्हता. पोराचं अख्खं आयुष्य माझ्या एका विसरलेल्या शब्दावर अडकलं होतं. किसनला बाहेर पाठवून अडखळत मी दोन्ही अर्थ सांगितले. प्रोफेसर आधी चकित झाले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, एवढी यादी केली, मग हाच शब्द कसा राहिला? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, हुजूर, मला आजवर कुणी विद्वान म्हटलं नाही, त्यामुळं तो डोक्यातच आला नाही.

डोळे माझेही भरून आले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी साहेबाशी भांडलं नव्हतं.

किसनला सर्टिफिकेट मिळालं. प्रोफेसरांनी त्यावर मुद्दाम शेरा मारला होता, ‘शागिर्द लायक, उस्ताद फाजिल.’ व्हरांड्यात किसननं तो वाचला, थांबला आणि तावातावानं परत खोलीकडं वळला. मी त्याची बाही धरली आणि म्हणालो, “चल बे गुमान, हैदराबादची गाडी बघ.”

तो गेला, आणि त्या दिवाळीला आला तो फक्त सुट्टीपुरता. पोरांना परक्या भाषेतल्या कॉलेजसाठी तयार करायचं असेल, तर अवघड शब्दांची फार काळजी करू नये, ते पोरं घोकतातच. ओळखीचे शब्द तपासावेत. आणि मास्तरनं आपल्याला कधीतरी कुणी चांगलं म्हणेल, याचीही तयारी ठेवावी.