हळद बघायला कधी येऊ?

बाळांनो, कर्जतचा आमचा गिरणीवाला दळायच्या आधी प्रत्येकाचं हळकुंड दाताने तोडून बघतो आणि कोणी न विचारता मत सांगतो. नव्या चक्कीसाठी साठवलेले सगळे पैसे त्याला फोनवरून हळदीच्या भावावरच्या सौद्यांत लावायचे होते. फोनवर घेतलेल्या तीन ॲपपैकी कोणतं ठेवावं हे ठरवायला त्याने माझ्यासमोरच तिन्ही ॲपवाल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला, "हळद बघायला कधी येऊ?" दोघे हसले. तिसरीकडची मुलगी म्हणाली, "सर, माल बघायची गरज नसते."

"न बघता कोण घेतं गं?" म्हणत त्याने फोन ठेवला, तिन्ही ॲप काढून टाकली आणि माझ्या पिशवीतलं हळकुंड दाताखाली धरलं.

"काकू, आतून किडकं हाय हे. कुठनं आणलं?"

मी ते फोनवरूनच मागवलं होतं.

"बाजारातून," मी म्हणाले.